अर्धा इंच

हरेश्वर म्हात्रेने पाइप कापला तेव्हा
मी चष्मा पुसत होतो.
"बघा साहेब," तो म्हणाला, आणि वीतभर तुकडा
माझ्या हातात ठेवला.
ओला. वाटला त्यापेक्षा जड.

नावाला अर्ध्या इंचाचा.
आत तुरीचा दाणा जेमतेम जाईल एवढं भोक.
बाकी सगळं पांढुरकं, करडं,
मध्येच गंजाची एखादी तांबडी रेघ,
थरावर थर, आडव्या चिरलेल्या कांद्यासारखे.
पण कांद्याला निदान डोळ्यांत पाणी आणता येतं.

बत्तीस वर्षांचं बोअरचं पाणी.
खारेगावात, खाडीच्या अंगाला,
नीलधारा नावाच्या इमारतीत.
गावाच्या नावातच खार;
आम्ही मात्र साबणाला दोष दिला,
फेस येत नाही म्हणून तीन कंपन्या बदलल्या.
डाळ शिजेना, तर कुकरची शिटी बदलली.
गिझरची कॉइल दर दिवाळीला नवी.
आणि बाथरूमच्या नळाची धार
करंगळीएवढी होती ती सुतळीएवढी झाली,
सुतळीची दोऱ्याएवढी झाली,
तेव्हा खालच्या चौबळबाईंना दोष दिला.

मी सेक्रेटरी होतो. अक्षर माझं चांगलं.
सोसायटीच्या लेटरहेडवर, कार्बन घालून लिहिलं:
"सदनिका क्रमांक सात यांनी सामाईक लाइनला
बेकायदा मोटर जोडल्याचा दाट संशय आहे.
खुलासा आठ दिवसांत करावा."
'दाट' हा शब्द मीच घातला. मीटिंगमध्ये नव्हता.

खुलासा आला नाही.
कुमुदिनी चौबळ शाळेत भूगोल शिकवायच्या.
त्यांनी पत्रच परत पाठवलं,
लाल शाईने ऱ्हस्व-दीर्घाच्या दोन चुका काढून,
आणि त्या दिवसापासून जिन्यात
भिंतीच्या कडेने चालू लागल्या.
एकोणीस वर्षं.
गणपतीचा प्रसाद दुसऱ्या कोणाच्या हाती यायचा, जायचा.
त्यांचे यजमान गेले तेव्हा
मी गेटपाशी उभा राहिलो. वर गेलो नाही.

"मोटर?" हरेश्वर हसला. "मोटर काय खेचनार?
या भोकातनं आधी मुंगीला वाट द्या."
भंगारासाठी त्याने पिशवी उघडली होती.
मी तुकडा दिला नाही.

हिने विचारलं, कुठे निघालात?
म्हटलं, खाली.
पेपरात गुंडाळला; पेपर भिजला.
अठरा पायऱ्या.
बेल वाजवल्यावर लक्षात आलं,
काय बोलायचं ते ठरवलेलंच नाही.

दार त्यांनीच उघडलं. केस सगळे पांढरे.
कधी झाले, मला ठाऊक नव्हतं.
मी पाइप पुढे केला.
"आमच्याच लाइनचा आहे," म्हटलं.
पुढचं वाक्य होतं, आलं नाही.

त्यांनी तो घेतला, खिडकीशी गेल्या,
एक डोळा मिटून दुर्बिणीसारखा लावला.
बराच वेळ.
खाडीवरचं ऊन त्यातून कितीसं दिसलं असेल!
"सातवीला लवणस्तंभ होते," त्या म्हणाल्या.
"थेंबाथेंबाने दगड होतो, पोरांना खोटं वाटायचं."
मग, पाइप डोळ्यावरून न काढता,
"आमचाही असाच असेल. तुमच्या प्लंबरला पाठवा."

मी वळलो तेव्हा विचारलं,
"ते पत्र अजून आहे तुमच्याकडे?"
"नाही," मी म्हणालो.
आहे. निळ्या फाइलीत, लाल शाईसकट.

नवा पाइप बदामी रंगाचा, प्लास्टिकचा.
धार अशी आली की दचकलो.
नळ सोडून पेपर वाचत बसायची सवय जुनी;
अग्रलेख अर्धाही झाला नव्हता,
आणि बादली भरून
पाणी दारापर्यंत आलं होतं.